गळ टाकण्याआधी आकडा ठरवा: खाडीत गरवणाऱ्या हौशी माणसांसाठी

बारा-तेरा वर्षांपूर्वी रेवदंड्याच्या खाडीत मला आयुष्यातला सगळ्यात मोठा जिताडा लागला. मोजला नाही, तेव्हा मोजायची अक्कल नव्हती. पण मोटारसायकलच्या सीटवर आडवा ठेवला तर दोन्ही बाजूंनी बाहेर येत होता. दिवस जूनचे, पहिला पाऊस होऊन गेलेला. घरी कापला तेव्हा ताटभर गाभोळी, म्हणजे पोटातली अंडी, निघाली. चुलत्यांनी ती मिटक्या मारत खाल्ली आणि हात धुताना म्हणाले, "आज तू खाडी खाल्लीस." मी हसलो. ते हसत नव्हते.

त्यांच्या बोलण्याचा अर्थ कळायला मला पुढची काही वर्षं लागली. हा लेख त्याच काळात शिकलेल्या गोष्टींचा आहे. रविवारी रॉड किंवा हातदोरी घेऊन धक्क्यावर, पुलाखाली, खडपात गरवायला जाणाऱ्यांसाठी तो आहे. ज्यांचं पोट मासेमारीवर आहे त्यांना शिकवण्याची माझी पात्रता नाही.

आपल्याकडे गळवाल्याने दिवसाला किती मासे न्यावेत याचा आकडा कोणी घालून दिलेला नाही. म्हणून तो आपणच घालून घ्यायचा.

ट्रॉलरवाल्यांचं काय?

हा प्रश्न प्रत्येक धक्क्यावर ऐकू येतो, म्हणून आधी तोच घेतो. तिकडे ट्रॉलर आणि पर्ससीनवाले टनांनी उपसतात, आपण दोन मासे सोडून काय होणार? बांगड्याच्या किंवा तारलीच्या थव्यापुरतं बोलायचं तर खरंच काही होणार नाही. खाडीचा हिशोब मात्र निराळा आहे. जिताडा, तांबोशी, गोबरा हे मासे जागा धरून राहतात. पुलाचा खांब, पडका धक्का, तिवराच्या मुळांखालची खोल घळ. तिथे जाळं टाकलं तर अडकून फाटतं, पण गळ बरोबर पोचतो. एका पुलावर रविवारी २० रॉड लागले आणि प्रत्येकाने ३ मासे नेले, तर ६० झाले. वर्षात असे ४० रविवार धरले तर २,४००. एका खाडीच्या तोंडाशी जागा धरून राहणारे एवढे मोठे मासे असतात का, याचं उत्तर तिथल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा.

शिवाय जाळ्यात लहानमोठे सगळेच येतात, आपण मात्र आमिषाचा आकार, गरीचा (गळाच्या काट्याचा) नंबर, जागा, सगळं ठरवतो ते मोठ्यातला मोठा मासा लागावा म्हणून. नेमका तोच मासा खाडीला सर्वात जास्त हवा असतो.

पहिलं काम घरी बसूनच

धक्क्यावर मासा लागल्यावर, मित्र फोटो काढत असताना, "हा सोडायचा की न्यायचा" हा विचार धडपणे होत नाही. आकडा घरातून निघण्याआधीच ठरलेला असावा. माझी पद्धत साधी आहे. घरात त्या दिवशी जेवणारी माणसं किती, त्यांना एका वेळेला किती लागेल, तेवढंच. फ्रीझरचा विचार करायचा नाही. "शेजाऱ्यांना देऊ" हाही त्यात धरायचा नाही, कारण शेजारी वाढतच जातात.

माझे आकडे असे: जिताडा फेरीला एक, तोही ठरलेल्या मापातला. गोबरा किंवा हेकरू एक. तांबोशी खाडीतली असेल तर शून्य. बोय, मुडदुशी, बांगडा यांचे मिळून डझनभर, म्हणजे एक तवा आणि एक कालवण. तुमचे आकडे वेगळे असू शकतात. ते कागदावर असावेत एवढंच. दोघंतिघं एकत्र जात असाल तर आकडा माणशी धरू नका, टोळीला मिळून धरा. नाहीतर ज्याला काही लागलं नाही त्याच्या वाट्याचं आपण मारत बसतो.

मासा ओळखा, मग माप ठरवा

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्या माशांना एकच नियम लावला तर चांगल्या हेतूनेही नुकसान होतं.

जिताड्यापासून सुरुवात करू. हा मासा जन्माला येतो तो बहुतेक वेळा नर म्हणून. काही वर्षं नर म्हणून जगतो आणि साधारण ८० ते १०० सेंटिमीटरच्या दरम्यान पोचला की मादी होतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. खाडीतले मोठे जिताडे जवळपास सगळे मादीच. एक मोठी मादी कोटींच्या संख्येत अंडी घालते. "लहान सोडा, मोठा न्या" हा सर्वमान्य नियम जिताड्याला लावला तर आपण वेचून वेचून माद्या मारतो. माझ्या त्या सीटवर न मावणाऱ्या माशाने मी नेमकं तेच केलं होतं.

ऑस्ट्रेलियात हाच मासा बारामंडी म्हणून प्रसिद्ध आहे. क्वीन्सलँड राज्यात हौशी माणसाला ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा बारामंडी ठेवता येत नाही, आणि माणशी मर्यादा ५ ची आहे. पूर्व किनाऱ्यावर तर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी हा विणीचा काळ पूर्ण बंद असतो. तिकडे तो उन्हाळी पावसाचा काळ, आपल्याकडच्या जून-जुलैसारखा. आपल्या खाड्या त्यांच्या नद्यांपेक्षा लहान आणि गर्दीच्या, म्हणून मी माझं माप आणखी घट्ट ठेवलंय: ६० ते ८० सेंटिमीटर. त्याच्या खालचा सोडायचा, वरचाही सोडायचा. आणि खरं सांगायचं तर कालवणाला याच मापाचा जिताडा उत्तम. फार मोठ्याचं मांस जाडंभरडं लागतं. खारेपाटातली (पेण-अलिबागकडची) माणसं यावर वाद घालतील, घालोत.

गोबरा आणि हेकरू यांची तऱ्हा बरोब्बर उलटी. ते आधी मादी असतात आणि मोठे झाले की त्यातले काही नर होतात. एखाद्या खडपातले मोठे मासे काढून टाकले तर माद्या उरतात, नर उरत नाहीत. हे मासे वाढतातही सावकाश. म्हणून फेरीला एकच, आणि तोही मधल्या मापाचा.

तांबोशी सर्वात फसवी. तिची पिल्लं खाडीत, तिवरांत वाढतात आणि वयात आली की बाहेर खोल खडकांवर जाऊन वीण करतात. म्हणजे तिवराच्या मुळांतून जी पाऊण-एक किलोची तांबोशी झटका देऊन बाहेर येते, ती अजून शाळेत जाणारी पोर आहे. तिने एकदाही अंडी घातलेली नाहीत. ही जात तीस वर्षांहून जास्त जगते. गळावर तिच्याइतकी मजा देणारा मासा खाडीत दुसरा नाही, त्यामुळे मजा घ्या आणि सोडा.

शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात धरून ठेवतो, गोट्यांएवढी. त्या काळात तो काही खात नाही, म्हणून गळाला क्वचित लागतो. पागात, म्हणजे फेकून टाकायच्या जाळ्यात, मात्र येतो. पाग टाकून आमिष धरताना तोंडात अंडी असलेला शिंगाळा दिसला तर तिथल्या तिथे, न हाताळता, पाण्यात. घाबरला की तो अंडी थुंकून देतो.

गोड्या पाण्यात गरवणाऱ्यांसाठी मरळीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. पावसाळ्यात तळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर लालसर पिल्लांचा गोळा हलताना दिसतो. खाली आईबाप राखण करत असतात. त्या गोळ्यावर लूर (नकली आमिष) टाकला की ते रागाने झडप घालतात, भूक असो वा नसो. हे बऱ्याच जणांना माहीत आहे आणि म्हणूनच ते टाकतात. राखणदार गेला की बाकीचे मासे तासाभरात पिल्लं फस्त करतात. याला मी शिकार म्हणत नाही.

सरकारने काय ठरवलंय

२०२३ साली महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान माप जाहीर केलं. त्यात पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर, घोळ ७०० मिलिमीटर अशी मापं आहेत. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा जाहीर केलं. हे नियम व्यावसायिक मासेमारी डोळ्यासमोर ठेवून केलेले असले तरी गळवाल्याने ते आपल्यालाही लागू आहेत असं धरूनच चालावं. किमान माप म्हणजे तो मासा एकदा तरी विणीला आला असेल एवढी किमान संधी. जिताड्यासारख्यांना कमाल मापही हवं, ते आपण स्वतः लावून घ्यायचं.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी यांत्रिक बोटींना असते. गळाला ती नाही. पण बंदी ज्या कारणासाठी आहे ते कारण धक्क्यावर बसलेल्यालाही लागू पडतं. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला हात न लावण्याची कोळ्यांची रीत सरकारी बंदीपेक्षा जुनी आहे. मी त्या दिवसांत खाडीच्या मुखाशी जाणं बंद केलंय. जिताडा नेमका तेव्हा वीण करायला गोड्या पाण्यातून खाऱ्याकडे मुखाशी उतरतो.

आणि वळगण. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यांतून, शेतांतून वर चढणारे मासे धरायला अख्खा गाव उतरतो; दक्षिण कोकणात त्यांनाच चढणीचे मासे म्हणतात. बत्ती, बांबूचे सापळे, चिखल, आरडाओरडा. लहानपणी आम्हीही गेलो आहोत आणि त्याची मजा मी नाकारणार नाही. पण चढणारे बहुतेक मासे विणीला आलेले असतात, म्हणूनच ते चढतात. निदान ओढ्याची पूर्ण रुंदी सापळ्यांनी अडवू नका. अर्धा प्रवाह मोकळा ठेवा आणि पहिली रात्र सोडून द्या. सुरुंग किंवा विष घालून मासे मारणं हा तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, त्यावर चर्चा नको.

काही जाती अशा आहेत की त्या चुकून गळाला लागल्या तरी न्यायच्या नाहीतच. बहिरी (व्हेल शार्क), करवत मासा, समुद्री घोडा, समुद्री कासव यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कासव लागलं तर ओढून वर घेऊ नका, शक्य तितक्या जवळून तंगूस (गळाचा दोरा) कापा. मालवणला जाणाऱ्यांनी तिथलं सागरी अभयारण्य लक्षात ठेवावं. ते १९८७ साली जाहीर झालं, आणि सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगडाच्या भोवतालचं पाणी त्याच्या गाभ्यात येतं. धरणांच्या जलाशयांवर बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेचा ठेका असतो. रॉड काढण्याआधी त्यांच्या माणसाला भेटा, पावती असेल तर घ्या. बहुतेक वेळा चहा मिळतो आणि कुठे बसायचं तेही कळतं.

मोजायचं कसं

लाकडाची साधारण मीटरभर फळी घ्या. एका टोकाला काटकोनात दुसरा तुकडा ठोका, वर पट्टी चिकटवा. फळी आधी पाण्याने ओली करायची. माशाचं बंद तोंड त्या उभ्या तुकड्याला टेकवायचं आणि शेपटीच्या टोकापर्यंत वाचायचं. शिंप्याची टेप माशाच्या पोटावरून फिरवू नका, चार-पाच सेंटिमीटर फुकटचे वाढतात. काहींना तेच हवं असतं म्हणा. फळी नसेल तर रॉडवरच ६० आणि ८० सेंटिमीटरला रंगीत दोऱ्याच्या खुणा बांधा.

मोजण्यापूर्वी फोटोवाला तयार हवा. मासा पाण्याबाहेर काढलात की तुम्हीही श्वास रोखा. तुमचा जीव कासावीस झाला की त्याचा कधीच झालेला असतो.

सोडलेला मासा जगला पाहिजे

सोडून दिलेला मासा तासाभराने मरून किनाऱ्याला लागला, तर आपण तो सोडला नाही, फक्त वाया घालवला. त्याची तयारी गरीपासूनच होते.

टोक आत वळलेली सर्कल हुक वापरा. ती गिळली गेली तरी सहसा तोंडाच्या कोपऱ्यात येऊन अडकते. फक्त एक सवय मोडावी लागते: मासा ओढायला लागला की झटका द्यायचा नाही, शांतपणे रील गुंडाळत ताण आणायचा. मला ही सवय मोडायला एक अख्खा हंगाम लागला आणि त्या हंगामात मित्रांनी भरपूर हसून घेतलं. गरीचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. लूरवरच्या तीन काट्यांच्या गऱ्या काढून एकेरी लावा. माशाच्या जबड्याला बरं, तुमच्या बोटांनाही.

तंगूस जाड ठेवा. बारीक दोऱ्यावर मोठा मासा अर्धा तास खेळवण्यात मर्दुमकी वाटते, पण तेवढ्यात तो इतका थकतो की सोडल्यावर सावरत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी हे आणखी वाईट, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. त्या दिवसांत पहाटे जा किंवा जाऊ नका. वेळ जुळवायला भरतीचा जुना हिशोब अजून चालतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला ३ च्या सुमारास भरती, अष्टमीला ६ च्या. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात अंदाजाला पुरेसा आहे.

मासा हाताळताना हात ओले हवेत. अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं रोगापासूनचं कवच असतं. कोरडा रुमाल, वाळू, तापलेला काँक्रीटचा धक्का यांनी ते खरवडून निघतं. मोठा मासा जबड्याला धरून उभा लटकवू नका, एक हात पोटाखाली द्या. कल्ल्यात बोटं घालायची नाहीत. जिताड्याच्या कल्ल्यावरचं झाकण वस्तऱ्यासारखं असतं, त्यामुळे तो नियम तो स्वतःच शिकवतो. गरी खोल गिळली असेल तर उपसत बसू नका, तोंडाजवळ तंगूस कापून द्या. गरी आत राहूनही मासे जगतात, आतडी ओढल्यावर जगत नाहीत.

सोडताना तोंड प्रवाहाकडे करून सरळ धरा. मागे-पुढे हलवण्याची पद्धत सगळे करतात, तिचा उपयोग नाही. पाणी तोंडातून आत जाऊन कल्ल्यांतून बाहेर पडायला हवं. तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत थांबा. धक्का उंच असेल तर वरून फेकू नका, दोरीला बांधलेली लांब दांडीची जाळी ठेवा. ती नसेल तर ज्या धक्क्यावरून मासा नीट सोडता येत नाही, तिथे सोडण्यासाठी गरवूच नये. पोटापुरतं घेऊन उठावं.

बोटीतून खोल पाण्यात गरवणाऱ्यांना वेगळी अडचण येते. १०-१५ मीटरहून खोलातून हेकरू भरकन वर आणला की त्याच्या आतली हवेची पिशवी फुगते, पोट तोंडातून बाहेर येतं, डोळे वटारतात. असा मासा सोडला की वरच तरंगतो आणि घारी त्याला घेऊन जातात. बाहेर आलेलं पोट सुईने टोचू नका. उलटा काटा दाबलेली गरी खालच्या ओठात अडकवून, तिला वजनदार शिसं लावून मासा पुन्हा खाली उतरवतात आणि झटका देऊन सोडवतात. हे जमत नसेल तर नियम सोपा: पहिला हेकरू आला, तो ठेवा, आणि जागा बदला.

ज्यांना मर्यादाच नाही

चिलापीला (तिलापिया) मर्यादा नाही. उजनीपासून गावतळ्यापर्यंत ती पसरली आहे, स्थानिक माशांची जागा तिने घेतली आहे. लागेल तेवढी न्या, मुलांना गळ शिकवायचा तर तिच्यावर शिकवा. बंदी असलेला आफ्रिकी मांगूर लागला तर तो परत पाण्यात सोडू नका.

याच्या उलट बाजूचीही एक चूक चांगली माणसं करतात: एका पाण्यातला मासा दुसरीकडे नेऊन सोडतात. कर्नल साइक्सने १८३९ साली पुण्याजवळच्या नदीतल्या ज्या महाशीराला शास्त्रीय नाव दिलं, त्याच जातीची पिल्लं पुढे लोणावळ्याच्या केंद्रात वाढवून ठिकठिकाणी सोडली गेली. हेतू उत्तम होता. पण ती कावेरीतही गेली, आणि तिथला मूळचा कुबडवाला महाशीर मागे पडत गेला. २०१८ साली तो अतिसंकटग्रस्त यादीत आला. आज त्याच्या घसरणीच्या कारणांत हे एक कारण सांगितलं जातं. मासा ज्या पाण्यातला, त्याच पाण्यात सोडा.

आपल्याकडे महाशीर बघायचाच असेल तर महाडजवळच्या वाळण कोंडीत किंवा वाड्याजवळच्या तिळसे इथे जा. देवाचे मासे म्हणून तिथे कोणी गळ टाकत नाही. चुरमुरे टाका आणि हातभर मासे पायाशी येताना बघा.

वही

शेवटचं काम वहीचं. तारीख, तिथी, भरती की सुकती, जागा, मासा, माप, नेला की सोडला. एवढे सात रकाने. लागलं नाही तरी नोंद करायची, कारण रिकाम्या दिवसांशिवाय वहीला अर्थ नाही. चार-पाच वर्षांनी तुमच्याच जागेचं चित्र दिसायला लागतं. माझ्या वहीत एका पुलाखालच्या जिताड्यांचं सरासरी माप वर्षागणिक कमी होताना दिसलं, तेव्हा आम्ही सहा जणांनी तो पूल दोन वर्षं सोडला. बाकीच्यांनी सोडला नाही. त्याचं काय करायचं ते अजून सापडलेलं नाही.

रिकाम्या हाताने घरी जायचं नसेल तर वाटेत बाजार आहेच. आमच्या ओळखीची कोळीण मावशी रॉड बघून विचारतेच, "काय गावला नाय वाटतं?" गावला होता, सोडला, असं सांगितलं की ती हसते. "सोरलास तं काय, आमचे जाल्यान येल तो!" मी वाट्यातले पोस्टकार्डापेक्षा आखूड पापलेट बोटाने बाजूला सारतो आणि म्हणतो, मावशी, दुसरा वाटा दाखव.